फाईलचे नाव आणि सी.पी. बेरारचा नकाशा

१/ 'चित्रपट.२००७.डीव्हीडीरिप.एक्सव्हिड.७००एमबी'. अशा धर्तीच्या नावाच्या फाईली अमरावती-अकोल्यातील जुन्या हार्ड डिस्कवर आजही पडून असतील. ताम्रपटाप्रमाणे हे नावही वाचता येते.

२/ प्रथम मूळ प्रत. 'कॅम' म्हणजे चित्रपटगृहात बसून कॅमेऱ्याने टिपलेली. 'टीएस'मध्ये चित्र तसेच, ध्वनी मात्र वेगळ्या मार्गाने थेट घेतलेला. 'एससीआर' ही समीक्षकांना वा पुरस्कारांच्या परीक्षकांना पाठवलेली प्रत. म्हणजे फितुरी घरातलीच. 'डीव्हीडीरिप' बाजारातील डीव्हीडीवरून काढलेली.

३/ 'एक्सव्हिड' हे २००१ मधील संक्षेपनतंत्र. नाव 'डिव्हएक्स'ची अक्षरे उलटी लावून केलेले. ७०० एमबी ही एका सीडीची क्षमता. व्हीसीडीवर चित्रपटाला बहुधा दोन सीडी लागत. हा एकीत मावे. सीडी मागे पडली तरी हा आकडा बराच काळ टिकून राहिला.

४/ नावाच्या शेवटी बहुधा गटाचे चिन्ह असे. या गटांचे नियम लेखी होते. 'प्रॉपर' हा शब्द असला, तर अर्थ असा की आधीच्या गटाची प्रत सदोष होती. चोरीच्या मालावरही गुणवत्तेची शर्यत!

५/ वऱ्हाडात या मालाला गिऱ्हाईक का मिळाले? त्यासाठी मागे जावे लागते. निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड इंग्रजांनी १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला. चित्रपटधंद्याने मात्र 'सी.पी. बेरार' हे सर्किट तसेच ठेवले. अमरावती हे त्यातील वितरणाचे जुने केंद्र. सरकारी नकाशावरून पुसलेला प्रांत असा वितरकांच्या वहीत जिवंत राहिला.

६/ वितरक एका सर्किटपुरते हक्क विकत घेई. रिळांच्या प्रती महाग, म्हणून मोजक्याच निघत. मोठ्या शहरांत चालून झिजलेली प्रत तालुक्याच्या टॉकीजला पोहोचेपर्यंत कित्येक आठवडे लोटत. नकली सीडीने आणि पुढे फाईलने नेमकी हीच फट गाठली. फाईलला सर्किटची हद्द ठाऊक नव्हती. पैसे गुंतवून बसलेल्या वितरकाला ती पक्की ठाऊक होती. २००५ नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पोहोचू लागले, तेव्हा ती फट हळूहळू बुजली. तोवर प्रेक्षकाला सवय जडली होती.

७/ झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या राज्य कायद्यात २००९ मध्ये 'व्हिडिओ पायरेट्स'ही आले. खटल्याविना वर्षभर स्थानबद्धता शक्य झाली. मेमरी कार्ड भरून देणारा गल्लीतला दुकानदार पोलिसांच्या हाती सहज लागण्यासारखा होता. फाईलच्या नावातील गटाचा पत्ता मात्र त्या नावात कुठेच नसे.