उचलू नकोस, नुसती रिंग देते

गावाकडच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर कुठल्याशा कॉम्प्युटर क्लासची जाहिरात अजून तग धरून आहे. रंगाचे पोपडे निघालेत, क्लासचं नाव लागत नाही, नंबरातले दोन आकडे पावसाने नेलेत. खालची ओळ मात्र ठसठशीत आहे: 'माहितीसाठी मिस्ड कॉल द्या.' फोन करा, आम्ही तो उचलणार नाही, असं गिऱ्हाइकाला भिंतीवर लिहून सांगणारा दुकानदार परक्या माणसाला वेडाच वाटेल. आपल्याला तो कधी वेडा वाटला नाही, कारण ही युक्ती दुकानदाराची नव्हतीच. ती आपल्या घरातून त्याच्याकडे गेली.

शब्दच पाहा. इंग्रजीतला मिस्ड कॉल हुकलेला असतो. आपण आंघोळीला गेलो होतो, फोन पिशवीत होता, म्हणून राहून गेलेला. हा शब्द आपल्याला कुणा साहेबाच्या तोंडून मिळाला नाही. नोकियाच्या चिमुकल्या पडद्यावर '१ मिस्ड कॉल' असं उमटायचं, तिथून आपण तो घेतला आणि लगेच त्याला क्रियापद जोडलं: द्यायचा, मारायचा, टाकायचा. हुकलेली वस्तू ठरवून देता येते हे इंग्रजी व्याकरणाला सुचलं नसतं. फिलिपिन्समध्येही लोकांनी तो असाच आपलासा केला; तिथे 'मिस्कोल' हा २००७ सालचा 'वर्षाचा शब्द' ठरला. इटलीतली पोरं एकमेकांना 'स्क्विल्लो' करत, घानात 'फ्लॅश' करत, रवांडात 'बीप'. जोनाथन डोनर या संशोधकाने या बीपचे अलिखित नियम २००७ मध्ये चक्क लिहून काढले. उलट फोन करायचा तो पैसेवाल्याने, आणि एखाद्या मुलीवर छाप पाडायची असेल तर तिला बीप देऊ नये, असले ते नियम. आपल्या कॉलेजच्या कट्ट्यांवर ते न लिहिताही सगळ्यांना पाठ होते.

हा सगळा खेळ एका फटीत चालतो. आपण नंबर फिरवला की समोरची घंटी वाजेपर्यंत टेलिफोनची सारी यंत्रणा आपल्यासाठी राबते, पण मीटर पडतं ते समोरच्याने उचलल्यावर. म्हणजे घंटी फुकट, बोलणं विकत. लँडलाइनच्या काळातच घराघराने ही फट हेरली होती. मुलगा पुण्याला पोचला की दोन रिंग देऊन ठेवून द्यायचा. घरातल्यांनी दोन मोजायच्या आणि जेवायला बसायचं. हे एसटीडी बूथवरून करायला मात्र थोडी निगरगट्ट वृत्ती लागे. काचेच्या खोक्यातून बाहेर यावं तर मीटरचे लाल आकडे शून्यावर आणि बूथवाल्याचे डोळे आपल्यावर.

मोबाइल आला तेव्हा ही फट आणखी मोलाची झाली. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. त्या सुमारास मिनिटाचा दर १६ रुपयांपर्यंत होता आणि येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे मोबाइल बाळगणारा माणूस नंबर पाहून फोन कापायचा आणि जवळची लँडलाइन शोधायचा. १ मे २००३ पासून येणारे फोन फुकट झाले, त्याच पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट वाटायला काढला, आणि रिक्षावाला, भाजीवाली, गवंडी यांच्या खिशात फोन आला. फोन आला, बॅलन्स आला नाही. १० रुपयांचं रिचार्ज कूपन नखाने खरवडायचं आणि ते महिनाभर पुरवायचं, तर बोलणं दुसऱ्याच्या पैशाने व्हायला हवं. मग एक रिंग म्हणजे 'खाली ये', दोन म्हणजे 'निघालोय', तीन म्हणजे 'आज जमत नाही'. चुकून कुणी फोन उचललाच तर 'उचललास कशाला!' हे पहिलं वाक्य असायचं आणि त्या वाक्याचाही रुपया पडायचा.

दुकानदार इथे शिरला. विक्रीच्या दुनियेत याहून जुना आणि प्रतिष्ठित प्रकार होता तो टोल-फ्री नंबरचा. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९६७ मध्ये ८०० ने सुरू होणारे नंबर आणले. गिऱ्हाइकाने फोन करायचा, बिल कंपनीने भरायचं. आपल्याकडे १८०० आले. पण टोल-फ्रीला पलीकडे माणूस बसवावा लागतो आणि मिनिटाचे पैसे मोजावे लागतात. मिस्ड कॉलच्या नंबराला एक यंत्र पुरतं. घंटी आली की ते यंत्र फोन करणाऱ्याचा नंबर टिपतं आणि उचलण्याआधीच फोन कापतं. दोन्हीकडे मीटर शून्य. कंपनीच्या वहीत मात्र एक चालू नंबर, वेळेसह. फॉर्म नाही, सही नाही, पेन मागायला नको. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही नाव नोंदवता येतं. गिऱ्हाईक दारात आणण्याचे ऑफलाइन आणि ऑनलाइन मिळून जितके प्रकार मी पाहिलेत, त्यात इतका कमी त्रास देणारा दुसरा नाही.

बंगळुरूत २०१० मध्ये झिपडायल नावाची कंपनी याच एका गोष्टीवर उभी राहिली. व्हॅलेरी वॅगोनर ही अमेरिकी बाई तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या नंबरावर मिस्ड कॉल दिला की क्रिकेटचा स्कोअर मेसेजने यायचा. जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने ती विकत घेतली. काटकसरीने जन्माला घातलेली एखादी भारतीय सवय सॅन फ्रान्सिस्कोत विकली गेल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही.

झिपडायल उभी राहिली त्याच सुमारास कायद्यानेही या युक्तीला हातभार लावला. नको ते फोन आणि मेसेज रोखण्याचे ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले. आता वाट्टेल त्याला जाहिरातीचा मेसेज धाडणं अवघड झालं. गिऱ्हाइकाचा होकार हवा. मिस्ड कॉल म्हणजे होकारच की! तुम्ही आधी घंटी दिलीत, आम्ही फक्त उत्तर देतोय. होर्डिंगवर, जीपच्या मागे, साबणाच्या वेष्टनावर 'मिस्ड कॉल द्या' दिसू लागलं ते याच काळात.

आंदोलनांनी आणि पक्षांनीही ते तितक्याच झपाट्याने उचललं. २०११ मध्ये राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे लोकपालासाठी दिल्लीत उपोषणाला बसले, तेव्हा पाठिंबा देण्यासाठी मुंबईच्या ०२२ ने सुरू होणाऱ्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपने सदस्य नोंदणी मिस्ड कॉलवर आणली आणि पुढच्या मार्चअखेर ८ कोटी ८० लाखांच्या पुढचा आकडा सांगितला. त्यानंतर पक्षाला 'महासंपर्क अभियान' काढावं लागलं: या सदस्यांना घरोघरी जाऊन भेटायचं. घंटीतून नंबर कळतो, माणूस कळत नाही. तो काकांच्या फोनवरून पुतण्याने दिला असेल, मित्राने चावटपणाने दिला असेल; यंत्राला सगळे सारखेच.

या युक्तीचा सगळ्यात देखणा अवतार मात्र साबण विकणाऱ्यांनी घडवला. बिहार आणि झारखंडच्या खेड्यांत तेव्हा वीज तासांवर यायची, टीव्ही नसल्यात जमा, वर्तमानपत्र पोचत नसे. मोबाइल मात्र पोचला होता. तो बाजारात चार्ज करून आणायचे. हिंदुस्तान युनिलिव्हरने २०१३ मध्ये तिथे 'कान खजूरा टेसन' सुरू केलं. कानखजुरा म्हणजे गोम, कानात शिरते अशी ख्याती असलेली. टेसन म्हणजे स्टेशन. आपल्या जाहिरातीला कानात शिरणाऱ्या किड्याचं नाव देण्याइतका प्रामाणिकपणा जाहिरातवाल्यांकडे क्वचितच सापडतो. ठरलेल्या नंबरावर मिस्ड कॉल द्यायचा. फोन कापला जायचा, आणि थोड्या वेळाने उलट फोन यायचा. पाव तासभर हिंदी सिनेमाची गाणी, विनोद, गप्पा, आणि मधूनमधून व्हील, पॉन्ड्स, क्लोजअप. संपलं की पुन्हा मिस्ड कॉल. रात्री ओट्यावर चारपाच जण एका फोनभोवती बसून ऐकताहेत, हे रेडिओच्या सुरुवातीच्या दिवसांतलंच चित्र. फरक इतका की हा रेडिओ ऐकणाऱ्याचा नंबर ओळखत होता आणि त्याने आज किती वेळा घंटी दिली हे मोजत होता. २०१४ च्या कान जाहिरात महोत्सवात याला सुवर्णपदकं मिळाली. त्याच वर्षी फेसबुकने भारतासाठी खास जाहिरात आणली: बटण दाबायचं, मिस्ड कॉल जायचा, आणि उलट फोनवर कंपनीचा निरोप यायचा. ऑनलाइन जाहिरातीला एसटी स्टँडच्या भिंतीचा गुण लागला तो असा.

फुकट घंटीवर टेलिफोन कंपन्यांचं प्रेम कधीच नव्हतं. तार त्यांची गुंतायची आणि पैसा मिळायचा नाही. पण २०१९ मध्ये याच घंटीवरून त्या एकमेकींशी भांडल्या, आणि ते भांडण या कुळकथेतलं मला सगळ्यात मजेशीर वाटतं. एका कंपनीच्या गिऱ्हाइकाने दुसरीच्या गिऱ्हाइकाला फोन केला तर पहिलीने दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे, असा तेव्हा नियम होता. जिओवर बोलणं फुकट, म्हणून इतर कंपन्यांचे लोक जिओवाल्याला मिस्ड कॉल देत आणि जिओवाला उलट फोन करी, भुर्दंड जिओला. असे रोज २५ ते ३० कोटी मिस्ड कॉल येतात, असं कंपनीने जाहीर केलं. दुसरीकडे एअरटेलची तक्रार अशी की, जिओने आपल्या फोनची घंटीच आखूड केली आहे: समोरचा खिशातून फोन काढेपर्यंत ती बंद पडते, मग तो उलट फोन करतो आणि ते ६ पैसे जिओला मिळतात. म्हणजे गिऱ्हाईक न सांगता मिस्ड कॉल देतंय आणि त्याला स्वतःलाच ते ठाऊक नाही! मग इतरांनीही घंटी छाटली. शेवटी १ नोव्हेंबर २०१९ ला ट्रायने ठरवून दिलं: मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजेल, लँडलाइनची ६०. दोन रिंग देऊन फोन ठेवणाऱ्या माणसांची दखल सरकारी कागदावर सेकंदांत घेतली गेली.

१ जानेवारी २०२१ पासून ते ६ पैसेही गेले. बोलणं तर २०१६ मध्ये जिओ आल्यापासूनच जवळपास फुकट झालं होतं, त्यामुळे पोराने पोचल्यावर रिंग देण्याचं कारण उरलं नाही. तो फोटो टाकतो. काटकसर संपली तरी तिची पायवाट दुकानदारांनी आणि कचेऱ्यांनी जपली. बँकेतली शिल्लक मिस्ड कॉलवर कळते. इंडियन ऑइलने गॅस सिलिंडरचं बुकिंग मिस्ड कॉलवर आणलं ते नेमकं त्याच १ जानेवारी २०२१ ला.

आता दिशा उलटली आहे. ट्रूकॉलरसारखं ॲप फोनवर घेतलं की तुमचा नंबर खरा आहे का हे पाहायला तेच तुम्हाला मिस्ड कॉल देतं. अनोळखी नंबरावरून अर्धी घंटी वाजते, ॲप ती स्वतःच ओळखतं, कापतं, आणि नोंदणी पुरी होते. परवा आईच्या फोनवर असं झालं. तिने यादीत नंबर पाहिला आणि जुन्या सवयीने लगेच उलट फोन केला. तो लागला नाही. पुन्हा केला, तरी नाही.

"स्वतःच मिस्ड कॉल देतात," ती म्हणाली, "आणि मग आपण केला तर लागत नाही. कसली माणसं!"