जिभेची वाट

मंडळी, पैनगंगेकाठच्या आपल्या देऊळघाटातले एखादे घर मनाशी आणा. अंगणात साडेतीन वर्षांचे लेकरू खेळते आहे. आजीने तांब्या आण म्हटले की तांब्या आणते, कोंबड्या हाकल म्हटले की हाकलते. कान चांगले, समज चांगली. पण बोलायची वेळ आली की गाडे अडते. सकाळी पाणी मागताना 'पा' म्हणते, दुपारी 'ताणी' म्हणते. आणि संध्याकाळी पाहुण्यांपुढे कोणी "म्हण बरं पाणी" म्हटले की ओठ नुसते हलतात, आवाज येत नाही. तेच लेकरू खेळाच्या नादात एकदम स्वच्छ 'माय' म्हणून जाते. मग घरातले म्हणतात, "आत्ता तं बोललं! मुद्दाम करते पोट्टं."

हा जो 'मुद्दाम करते' असा आळ आहे ना, तो खोटा आहे, हे माणसाला कळायला फार काळ लागला. आज त्याचीच हकीगत सांगायची आहे.

न बोलणाऱ्या लेकरासाठी आपल्याकडे मोजकीच नावे होती. मुके, बहिरे, मंद, नाहीतर हट्टी. औषधेही ठरलेली. जीभ जड आहे म्हणून वेखंड उगाळून चाटवायचे, किंवा जिभेखालचा दोरा कापून घ्यायचा. दोष द्यायलाही कोणीतरी लागतेच. तो बहुधा आईला, तिने ग्रहण पाळले नाही म्हणून. पण जे लेकरू भाकरी नीट चावते, जीभ बाहेर काढून वेडावते, त्याची जीभ जड कशी असेल? हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही.

गंमत अशी, की बोलणे ही हालचाल आहे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. आपली वर्णमाला पाहा. क, ख, ग घशाशी. च, छ, ज टाळूशी. मग ट, ठ, ड. त, थ, द दातांशी. आणि प, फ, ब, भ, म ओठांवर. तोंडाच्या आतून बाहेर येणारा हा चक्क नकाशा आहे. पाणिनीय शिक्षा या ग्रंथात म्हटले आहे, की वाघीण पिल्लू तोंडात धरून नेते, ते पडू देत नाही आणि त्याला दातही रुतू देत नाही, तसा वर्णांचा उच्चार करावा. इतकी ती बारीक कसरत! पण ते शास्त्र वेदपठणाच्या शुद्धतेसाठी होते. ज्याला ही कसरत जमतच नाही त्या लेकराकडे ते वळले नाही.

पुढचा धागा युरोपात सापडतो. 1861 साली पॅरिसजवळच्या रुग्णालयात एक माणूस वारला. वर्षानुवर्षे त्याला 'टॅन' एवढेच बोलता येत होते. समजत मात्र पुष्कळ होते. पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात इजा आढळली. म्हणजे जीभ शाबूत, समज शाबूत, तरी बोलणे बंद, असे होऊ शकते. 1900 साली बर्लिनच्या ह्युगो लीपमान यांनी आणखी एक रुग्ण मांडला. सांगितलेली कृती तो डाव्या हाताने करी, पण उजव्याने त्याला ती जुळवता येत नसे. हाताला लकवा नव्हता. मेंदूकडून हाताला जाणारा बेतच विस्कटला होता. या अवस्थेला अप्रॅक्सिया म्हणतात. ग्रीक शब्द आहे. त्यातला 'अ' म्हणजे आपल्या 'अशक्य' मधला 'अ', आणि 'प्रॅक्सिस' म्हणजे कृती.

पण हे सगळे मोठ्या माणसांचे. जे बोलायला शिकतच आहे त्या लेकराचे काय? इंग्लंडात न्यूकॅसल येथे म्युरिअल मॉर्ली या वाचा-उपचार करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 साली, आणि पुढे 1957 च्या आपल्या पुस्तकात, अशी मुले वेगळी ओळखून दाखवली. स्नायूंत दुबळेपणा नाही, तरी उच्चारांची जुळणी होत नाही. ब्रोकापासून मोजले तर शंभर वर्षांना थोडीच कमी! 2007 साली अमेरिकेतील वाचातज्ज्ञांच्या संघटनेने तीन खुणा नोंदवल्या. तोच शब्द दर वेळी वेगळा चुकतो. एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना जीभ अडखळते. आणि बोलण्याचा हेल, ठेका चुकतो. कारण बहुतेक वेळा सापडत नाही. इंग्लंडमधील एका कुटुंबात तीन पिढ्या हा त्रास होता, आणि 2001 साली त्यांच्या एका जनुकात बदल आढळला. ग्रहणाचा त्यात कुठेही संबंध आला नाही.

गुरुजी, इथे एक सावधगिरी बाळगा. आपल्या वऱ्हाडात पुष्कळ घरी डोळ्याला 'डोया' म्हणतात. तो दोष नव्हे, ती घरची बोली आहे. बोलीतला फरक दर वेळी सारखाच येतो. वर सांगितलेल्या लेकराची चूक दर वेळी बदलते. शंका आली तर आधी कान तपासून घ्यावेत.

आपल्या देशात म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था 1965 साली स्थापन झाली, मुंबईची अली यावर जंग संस्था 1983 साली. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी व शाळेतील मुलांची तपासणी होते, आणि उशिरा बोलणेही त्यात पाहिले जाते. पुढील उपचारासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. पथक आले की आईने संकोच न करता सांगावे. मूल आपोआप बोलेल म्हणून वर्षे घालवू नयेत.

तज्ज्ञ वाट दाखवतील, पण रोजची चाल घरातच व्हायची. शब्द थोडे घ्यावेत, रोज लागणारे : माय, पाणी, दे. लेकराच्या समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसावे. "माझ्याकडं पाह्य" म्हणून सावकाश 'पा...णी' म्हणावे, मग दोघांनी मिळून म्हणावे, मग त्याला एकट्याला म्हणू द्यावे. एका दमात तासभर नको. पाच-पाच मिनिटे, दिवसातून चार वेळा. घागर भरताना, गुरांना पाणी दाखवताना तोच शब्द पुन्हा येऊ द्यावा. 'पा' आला तरी पाणी द्यावे. पुरा शब्द येईस्तोवर तहानलेले ठेवू नये. बोटाने दाखवले, खूण केली, चित्र दाखवले, तर आळशी होईल अशी भीती धरू नका. खुणेने बोलणे अडत नाही, उलट लेकराचा जीव शांत होतो.

आणि गुरुजी, अशा मुलाला वर्गापुढे उभे करून "म्हण" असा हुकूम करू नका. हुकुमाने त्याची जीभ अधिकच अडते. कविता सगळ्या वर्गाबरोबर म्हणू द्या. हजेरीच्या वेळी 'हजर' ऐवजी त्याने हात वर केला, तरी पटावर खूण करा.