हे नेमके कशामुळे घडते?
सामाजिक कार्यकारणाच्या अभ्यासाची प्रस्तावना

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाच्या आरंभी कार्यकारणाची एक साखळी आहे. अविद्येपासून निघून ती कडीला कडी जोडत शूद्रांच्या दैन्यापर्यंत पोचते. महाराष्ट्रात ती असंख्य लोकांना पाठ आहे. पण पाठांतराच्या ओघात तिच्यातला धाडसी दावा सहज निसटतो. दारिद्र्य ही दैवगती नसून माणसांच्या व्यवहारातून निपजलेला परिणाम आहे, आणि कारण हटवले तर परिणामही हटेल, असे फुले सांगत होते. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा ते याच दाव्यावर विसंबून कृती करत होते. समाजातली कारणे शोधणे म्हणजे कुठे हात घातला तर काय बदलेल, हे शोधणे. या अभ्यासक्षेत्राचे सारे प्रयोजन एवढ्यात सामावलेले आहे.

कारणे लावण्याची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. मुलीने शाळा सोडली, कारण घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही. शेतकरी कर्जात बुडाला, कारण त्याने लग्नात वारेमाप खर्च केला. अशी वाक्ये आपण सहज बोलून जातो. पण प्रत्येक वाक्यात कुणावर तरी ठपका असतो आणि कशावर तरी उपाय सुचवलेला असतो. मुलीची शाळा गावापासून दूर असल्यामुळे सुटली असेल, तर पालकांचे प्रबोधन करून ती परत येणार नाही. कारण चुकले की उपाय वाया जातो, आणि दोष मात्र भलत्याच्या माथी बसतो. म्हणून कारणांचा काटेकोर शोध हा माझ्या दृष्टीने न्यायाचाही प्रश्न आहे.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून कावळ्याने फांदी मोडली असे होत नाही, हे आपण म्हणीतूनच शिकतो. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेने याच्या पुढे पाऊल टाकले. कार्याच्या आधी नेमाने असणे कारणाला पुरेसे नाही. ते अन्यथासिद्धही, म्हणजे ज्याच्याविनाही कार्य घडू शकते असेही, नसावे, असे नैयायिकांनी सांगितले. कुंभाराचे गाढव माती वाहून आणते, घडा घडण्याआधी ते दारात हजर असते, तरी घड्याचे कारण ठरत नाही. माती दुसऱ्या कशावरूनही आली असती. ‘हे नसते, तर काय झाले असते?’ हा प्रश्न इथे येऊन ठेपतो. सगळी अडचणही इथेच आहे. घडलेले तेवढे आपल्याला दिसते. त्याच गावाचे, त्याच माणसाचे न घडलेले आयुष्य कुणालाच दिसत नाही. ती उणीव प्रामाणिक तुलनेने भरून काढावी लागते.

अशा तुलनेचा एक उत्तम नमुना १८५४ सालच्या लंडनमधल्या कॉलऱ्याच्या साथीत सापडतो. दूषित हवेमुळे कॉलरा होतो असे बहुतेक डॉक्टर तेव्हा मानत; डॉ. जॉन स्नो यांना संशय पाण्याचा होता. दक्षिण लंडनच्या बऱ्याच भागात दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्याने गेले होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ साली आपला उपसा थेम्सच्या वरच्या अंगाला, शहराचे सांडपाणी मिसळण्याच्या आधीच्या जागी हलवला होता. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र बॅटरसीजवळचे घाण पाणी उपसत राहिली. शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांची हवा एक, वस्ती एक. फरक फक्त पाण्याचा. स्नो यांनी मृत्यू झालेल्या घरांत चौकशी करवून पाणी कोणत्या कंपनीचे, हे नोंदवले. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत साउथवर्क कंपनीच्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू झाले होते, लॅम्बेथच्या ३७. रोगजंतू कोणता, हे स्नो यांना ठाऊक नव्हते. तरीही हात कुठे घालायचा, ते कळले होते.

तिथे योग्य तुलना नळांच्या मांडणीने आयती मिळाली. आपल्याकडे ती राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने मिळाली. सरपंच महिला असेल तर गावचा कारभार बदलतो का? ज्या गावांनी स्वखुशीने महिला निवडली, ती मुळातच वेगळी असू शकतात. त्यांच्याकडे पाहून उत्तर मिळत नाही. पण या दुरुस्तीने एक तृतीयांश सरपंचपदे महिलांसाठी राखीव झाली आणि आरक्षण कुठे पडेल, हे गावाच्या मर्जीवर राहिले नाही. राघबेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगालमधील बीरभूम आणि राजस्थानातील उदयपूर या जिल्ह्यांतल्या पंचायतींची अशी तुलना करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिलांसाठी राखीव पंचायतींत दोन्हीकडे पिण्याच्या पाण्यावर अधिक काम झाले. रस्त्यांवर मात्र बीरभूममध्ये जास्त आणि उदयपूरमध्ये कमी झाले. कारण दोन्हीकडच्या बायकांची गाऱ्हाणी वेगळी होती. एकच कारण दोन ठिकाणी वेगळे फळ देते, ते का देते हेही सांगता येते, आणि त्यासाठी त्या जागेची माहिती असावी लागते.

तुलना परिणाम दाखवते; तो कसा घडतो, हे उलगडायला यंत्रणेचा विचार लागतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचा गाभा जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे, हे त्यांचे सूत्र. मग हा नियम टिकवायचा तर गटात लग्नाच्या वयाच्या स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहिली पाहिजे. जोडीदार मरण पावला की एक व्यक्ती ‘जादा’ ठरते. जादा स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य, आणि जादा पुरुषासाठी अजून लग्नाचे वय न झालेली मुलगी, अशी तोड निघते. या प्रथांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान मागाहून आले, असे ते दाखवतात. आकडेवारीचा एकही तक्ता नसताना, वेगवेगळ्या दिसणाऱ्या तीन क्रूर चालींमागची एकच गरज त्यांनी उघड केली.

समाजातल्या कार्यकारणाला आणखी एक पदर आहे. माणूस कारणांनी ढकलला जातो, तसाच तो अनुभवातून मत बदलतो. पश्चिम बंगालमधल्या नंतरच्या अभ्यासात असे आढळले, की लागोपाठ दोन निवडणुकांत प्रमुखपद महिलांसाठी राखीव असलेल्या पंचायतींत पुढे अधिक महिला उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या. कालचा परिणाम आजचे कारण झाला. म्हणूनच इथले निष्कर्ष कायमचे नसतात; नवी पिढी, नवे गाव, नवा कायदा आला की ते पुन्हा तपासावे लागतात.

या क्षेत्रात येण्यासाठी संख्याशास्त्राची पदवी हातात असायलाच हवी असे नाही. संख्याशास्त्र शिकाल तर उत्तमच. पण गैरहजेरीची नोंद ठेवणारी शिक्षिका, कुपोषित बाळाचे वजन दर महिन्याला टिपणारी अंगणवाडी सेविका, जुने दप्तर चाळणारा इतिहासाचा विद्यार्थी या सगळ्यांकडे असे पुरावे आहेत जे विद्यापीठात बसून मिळत नाहीत. त्यांनी सोबत फक्त तीन प्रश्न आणावेत. हे नसते तर काय झाले असते? मी कुणाची तुलना कुणाशी करतो आहे? आणि माझे म्हणणे चुकीचे असेल, तर ते मला कशावरून कळेल? तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, कारण तो आपल्या आवडत्या उत्तरालाच विचारावा लागतो. तो विचारायची ज्याची तयारी आहे, त्याचे इथे मनापासून स्वागत आहे.