कोर्ट, मतपेटी आणि आमचं बीड

मागच्या शनिवारी चहाच्या टपरीवर समलिंगी विवाहाचा विषय निघाला. एक मित्र म्हणाला, "ही सगळी अमेरिकेची फॅडं रे. तुमच्या बीडमध्ये कुठे असतं असलं काही?" तेव्हा पटकन उत्तर सुचलं नाही. घरी आल्यावर आठवलं, म्हणून हे पोस्ट.

२०१७ सालची गोष्ट. बीड जिल्ह्यात माजलगावला ललित साळवे पोलीस कॉन्स्टेबल होते. सरकारी नोंदीत तेव्हा 'ललिता'. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी त्यांनी रजा मागितली. भरती महिला म्हणून झालेली, मग पुढे नोकरीचं काय? अर्ज नाकारला गेला. ते मुंबई हायकोर्टात गेले. कोर्ट म्हणालं, हा सेवेतला वाद आहे, प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जा. तोवर बातम्या देशभर झाल्या होत्या. मुख्यमंत्री फडणवीसांनी सहानुभूतीने विचार करायला सांगितलं आणि मे २०१८ मध्ये सरकारने परवानगी दिली. शस्त्रक्रिया झाली, नोकरी टिकली आणि २०२० मध्ये त्यांचं लग्नही झालं.

आता, हा काही समलिंगी विवाह नव्हे. कायद्याच्या लेखी ते पुरुष आणि पत्नी स्त्री. पण गंमत बघा, कोर्टाने 'दुसरीकडे जा' म्हटलं आणि काम झालं ते लोकांच्या दबावाने.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानेही साधारण हेच केलं. लग्न हा मूलभूत हक्क नाही, समलिंगी विवाहाचा कायदा करायचा तर तो संसदेने, असं पाचही न्यायमूर्तींचं मत पडलं. त्याच निकालात, ट्रान्सजेंडर व्यक्तीचं स्त्री-पुरुष नात्यातलं लग्न मात्र चालू कायद्यात बसतं असं सांगितलं. म्हणजे साळवेंसारख्यांना दार उघडं, बीडमधल्या दोन मुलांना किंवा दोन मुलींना बंद.

मग कोर्टाने धाडस करायला हवं होतं का? कॅलिफोर्नियाचं उदाहरण घ्या. मे २००८ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. सुमारे १८ हजार जोडप्यांनी लग्नं केली आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी सगळं रोलबॅक केलं! झालेली लग्नं वैध राहिली, पण नवी लग्नं २०१३ पर्यंत बंद. आयोवात २००९ मध्ये कोर्टाने एकमताने हक्क दिला, तर पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यातल्या तीन न्यायमूर्तींना घरी पाठवलं. निकाल मात्र टिकला. आणि आयर्लंड? तिथे २०१५ मध्ये जनतेनेच ६२ टक्के मतांनी 'हो' म्हटलं.

लोकांनी मान्य केलेलं जास्त टिकतं, हे खरं. पण ज्यांची संख्याच मूठभर, त्यांनी मतं कुठून आणायची? साळवेंच्या मागे बातम्या होत्या. ज्या दोघांना घरच्यांच्या भीतीने नावही सांगता येत नाही, त्यांची बातमी कोण छापणार? २०२४ मध्ये केंद्राने अशा जोडप्यांच्या जॉइंट बँक खात्याला आडकाठी नाही, असं स्पष्ट केलं. खातं झालं, लग्न राहिलं.

असो. पुढच्या शनिवारी मित्राला एवढंच सांगणार: असतं रे बाबा, बीडमध्येही असतं.