१० मार्च २०१६ : गोच्या पटावरची ३७वी चाल

दक्षिण कोरियातील सोलमध्ये १० मार्च २०१६ रोजी ‘अल्फागो’ या संगणक प्रणालीने गो खेळातील दिग्गज ली सेडॉल यांना सलग दुसऱ्या डावात नमवले. या डावातली अल्फागोची ३७वी चाल गाजली. काळी सोंगटी कडेपासून पाचव्या रेषेवर पडली. तिथे इतक्या लवकर खेळू नये, हा जाणत्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संकेत. त्यामुळे समालोचकही गोंधळले. पुढे तीच सोंगटी मोलाची ठरली.

हा निव्वळ आकडेमोडीचा वेग, हा आक्षेप इथे टिकत नाही. १९ बाय १९ रेषांच्या पटावरील शक्य स्थिती दृश्य विश्वातील अणूंहून अधिक. त्या सगळ्या तपासणे कोणत्याही यंत्राला अशक्य. अल्फागो आधी माणसांच्या डावांवरून आणि मग स्वतःशीच खेळून शिकली. माणूस ही चाल खेळण्याची शक्यता तिच्या हिशेबी १० हजारांत एक होती, तरी तिने तीच निवडली. मग माणसाचे कौशल्य निकालात निघाले का? सामना तिने ४-१ असा जिंकला, हे खरे. पण १३ मार्चला ली यांच्या ७८व्या चालीने तिलाही चकवले. आज व्यावसायिक खेळाडू यंत्राच्या चाली अभ्यासून आपला खेळ घडवतात. माणसाकडून शिकलेले यंत्र आता माणसाला शिकवते आहे. या सामन्याचे खरे महत्त्व हेच.