आधी स्वतः टोचून घेणारे

2018 च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेला लसीकरण सुरू झालं. तेव्हा मेडशीत एका पालकांनी मला विचारलं, "सर, ही सुई आपल्याच पोरांना का?" सुई 9 महिन्यांपासून 15 वर्षांखालच्या सगळ्याच मुलांना होती, पण अफवा पसरली की असं कोण ऐकतं? मी त्यांना मुंबईची गोष्ट सांगितली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि लस बनवली. मेलेले जंतू रोग देत नाहीत, पण शरीर त्यांची ओळख ठेवतं. खरा जंतू आला की लढायची तयारी झालेली असते. 10 जानेवारी 1897 रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली.

लोक तरीही घाबरत. घरझडत्या आणि सक्तीच्या विलगीकरणामुळे सरकारवरचा विश्वास उडाला होता. तेव्हा खोजा इस्माइलींचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, पुढे आले. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी जागाही दिली. ही लस प्लेग पूर्ण रोखत नव्हती, पण धोका बराच कमी करत होती. आपल्या माणसाचा उघडा दंड पाहून जमातीची भीती ओसरू लागली.

ते पालक गप्प राहिले. त्यांच्या प्रश्नावर मी रागावलो नाही. भीतीला रागाने उत्तर देता येत नाही. लसीकरणाच्या दिवशी मी माझ्या मुलीला रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं.