वाटाड्याची वही: मोटारस्वारांसाठी माहिती ‘सोपी’ कशी झाली?

१/ इ. स. १९०० चा ऑगस्ट महिना. फ्रान्समध्ये त्या वेळी मोटारगाड्यांची संख्या तीन हजारांच्याही आत होती. अशा काळात टायर बनविणाऱ्या दोन भावांनी एक छोटेखानी पुस्तक छापले. प्रती सुमारे ३५ हजार, आणि त्या सर्व फुकट वाटण्यासाठी! गाड्यांच्या दसपटीहून अधिक पुस्तके. हा उधळेपणा होता की दूरदृष्टी? आजचा धागा या प्रश्नाचा.

२/ आज कुणी मोटारप्रेमींसाठी संकेतस्थळ उभारू लागला, की तो काही ठरावीक प्रश्नांशी झुंजतो. पाहुण्याला आधी काय दिसावे? कोणती खूण कशासाठी? जाहिरात कुठे ठेवावी? चूक आढळली तर ती कुणी कळवावी? हे प्रश्न संगणकाने जन्माला घातले, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात संगणकाच्या कितीतरी आधी, कागदावर आणि रस्त्याकडेच्या दगडांवर, त्यांची उत्तरे शोधली गेली होती.

३/ आधी मोटारस्वाराची अडचण समजून घेऊ. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्टा बेंझ आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेली गाडी घेऊन जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधन संपत आले तेव्हा ते मिळाले व्हीस्लोख गावच्या औषधाच्या दुकानात; कारण ‘लिग्रोइन’ हा द्रव तेव्हा डाग काढण्यासाठी विकला जाई. पेट्रोल पंप ही कल्पनाच अद्याप अस्तित्वात नव्हती. गाडी तयार होती, पण गाडीसाठी लागणारे जग तयार नव्हते.

४/ प्रवासाची मार्गदर्शक पुस्तके तेव्हा नव्हती असे मात्र नाही. इंग्लंडच्या मारियाना स्टार्क यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाहण्याजोग्या कलाकृतींपुढे उद्गारचिन्हे देण्याची प्रथा पाडली. पुढे जर्मनीच्या बेडेकर यांच्या पुस्तकांत त्या जागी तारांकने आली. परंतु या पुस्तकांचा वाचक घोडागाडीने, आगबोटीने किंवा आगगाडीने जाणारा होता. त्याला चित्रे, चर्चेस आणि वेळापत्रके हवी होती. टायर फुटला तर काय करावे, हा त्याचा प्रश्नच नव्हता.

५/ आता आपले दोन भाऊ. आंद्रे आणि एदुआर मिशेलिन. फ्रान्सच्या मध्यभागी असलेल्या क्लेर्मों-फेराँ येथे १८८९ साली त्यांची कंपनी स्थापन झाली. त्या काळचे हवेचे टायर चाकाला डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले असत. दुरुस्ती करायची तर तासन्‌तास खर्ची पडत, आणि पुन्हा चिकटविलेला टायर वाळायला रात्र जाई. १८९१ साली या बंधूंनी सायकलचा सुटा होणारा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही शर्यत शार्ल तेरों याने त्याच टायरांवर जिंकली.

६/ १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस मोटारशर्यतीत ते दोघे स्वतः उतरले. अंतर सुमारे १,२०० किलोमीटर आणि चाकांवर हवेचे टायर. पंक्चरांनी त्यांना हैराण केले. जिंकणे दूरच राहिले. पण जो स्वतः रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून टायर बदलतो, त्याला वाटेत कोणती माहिती हवी असते हे कुणी सांगावे लागत नाही. पाच वर्षांनी निघालेल्या पुस्तकावर या अनुभवाची छाया स्पष्ट दिसते.

७/ काय होते त्या पुस्तकात? टायर कसा काढावा, कसा बसवावा, निगा कशी राखावी, याची सचित्र माहिती. आणि पुढे गावांची सूची. प्रांतवार नव्हे, ऐतिहासिक महत्त्वानुसार नव्हे, तर वर्णानुक्रमे. प्रत्येक गावापुढे जवळच्या गावांची अंतरे, मुक्कामाची हॉटेले, इंधन मिळण्याची ठिकाणे, दुरुस्ती करणारे कारागीर, टपाल व तार कचेरी. गावाचे नाव ठाऊक असले की पान सापडे. अडलेल्या माणसाला याहून अधिक काही येण्याची गरज नव्हती.

८/ येथे रचनेचा पहिला धडा दिसतो. माहिती कोणत्या क्रमाने लावायची, हे माहितीच्या स्वरूपावरून ठरविता येते किंवा वापरणाऱ्याच्या गरजेवरून. भूगोलाचा प्राध्यापक प्रांतवार मांडणी करील. अंधार पडत असताना बिघडलेल्या गाडीपाशी उभा असलेला माणूस मात्र एकच गोष्ट विचारतो: ‘पुढच्या गावात मिस्त्री आहे का?’ मिशेलिनची मांडणी दुसऱ्या माणसासाठी होती.

९/ दुसरा धडा खुणांचा. पुस्तक खिशात मावायचे तर प्रत्येक गावाला दोन-चार ओळींहून अधिक जागा देता येत नाही. म्हणून संक्षेप आणि चिन्हे आली. आरंभीच्या आवृत्त्यांत हॉटेलात छायाचित्रे धुण्यासाठी अंधारखोली आहे की नाही, यालाही खूण होती. कारण गाडी बाळगणारा धनिक बहुधा कॅमेराही बाळगी. आणि गंमत अशी की, तेव्हाही तारे होते, पण ते स्वयंपाकाच्या गुणवत्तेचे नव्हते. हॉटेल किती महाग आहे, एवढेच ते सांगत!

१०/ तिसरा धडा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. पहिल्याच आवृत्तीच्या प्रस्तावनेत वाचकांना विनंती होती की, चुका आणि उणिवा आम्हांला कळवा. तुमच्याविना आम्ही काहीच करू शकत नाही. म्हणजे पुस्तक अपुरे आहे, हे प्रकाशकाने स्वतःच मान्य केले आणि दुरुस्तीचा काही भार वापरणाऱ्यांवर सोपविला. आज ‘अभिप्राय कळवा’ या बटणामागे जो विचार आहे, तो १९०० साली टपालाने चालत होता.

११/ आता थोडे सावध होऊ या. हे सारे परोपकाराने चालले होते का? मुळीच नाही. मोटार जितकी फिरेल तितका टायर झिजेल. टायर झिजेल तितका तो विकला जाईल. फिरण्याची भीती कमी करणे हाच व्यवसाय होता. म्हणून ३५ हजार प्रती हा उधळेपणा नव्हता. ज्यांच्याकडे अजून गाडी नव्हती, त्यांनाही ‘गाडी घेतली तर आपले अडणार नाही’ असा भरवसा देण्याची ती गुंतवणूक होती.

१२/ पुढे ही सोय पुस्तकाबाहेर पडली. १९०८ मध्ये मिशेलिनने पॅरिसमध्ये मार्ग सांगणारी कचेरी उघडली. कुठून कुठे जायचे ते कळवावे, आणि वाटेचा तपशील लिहिलेले कागद विनामूल्य मिळवावेत. १९१० पासून १:२,००,००० प्रमाणाचे नकाशे निघू लागले. १९१३ पर्यंत ४७ तुकड्यांत संपूर्ण फ्रान्स सामावला. ते घडी घालून ठेवता येत. गाडीत बसून उलगडता न येणारा नकाशा कितीही अचूक असला तरी निरुपयोगीच, नाही का?

१३/ पण नकाशा आणि रस्ता यांचे जुळायला हवे. येथे या कथेतील सर्वांत बोधक प्रसंग येतो. फ्रान्समधील महामार्गांना क्रमांक होते आणि ते काल-परवाचे नव्हते. १८११ च्या नेपोलियनकालीन आदेशाने दिलेले होते. मग अडचण काय? ते क्रमांक मुख्यत्वे सरकारी दप्तरासाठी होते. चौरस्त्यावर उभ्या राहिलेल्या प्रवाशाला ते सहज दिसतील, अशी व्यवस्था नव्हती. शंभर वर्षे माहिती होती. उपयोग मात्र कारकुनापुरता होता.

१४/ आंद्रे मिशेलिन यांनी १९१२ साली यासाठी सह्यांची मोहीम उघडली: रस्त्यांचे क्रमांक रस्त्यावरच दाखवा. सुमारे दोन लाख सह्या जमल्या. विमानांच्या प्रदर्शनाला भेट देण्यास आलेले राष्ट्राध्यक्ष आर्मां फालिएर यांचीही सही त्यांनी मिळविली. ज्यांच्याच सरकारकडे मागणी करायची, त्यांच्याच सहीने! १९१३ मध्ये सरकारने ही मागणी मान्य केली.

१५/ त्याआधीच, १९१० पासून, कंपनी गावोगावी फलक देऊ लागली होती. गावात शिरताना गावाचे नाव व मुलांना जपून गाडी हाकण्याची विनंती. बाहेर पडताना आभार. महायुद्धानंतर व्होल्विक येथील ज्वालामुखीच्या दगडावर मुलामा चढवून केलेले मार्गदर्शक स्तंभ आले. ऊन, पाऊस, हिम यांत ते टिकत. त्यांतील काही स्तंभ आजही फ्रान्सच्या आडरस्त्यांवर उभे आहेत. अक्षर वाचता येणे ही सुद्धा रचनेचीच बाब आहे.

१६/ १९२० मध्ये मोठा बदल झाला. पुस्तक विकत मिळू लागले. किंमत सात फ्रँक. याविषयी सांगितली जाणारी कथा अशी: एका गॅरेजात आंद्रे यांना डुगडुगत्या मेजाच्या पायाखाली आपलीच पुस्तके खुपसलेली दिसली, आणि फुकटच्या वस्तूला मान नसतो हे त्यांना उमगले. कथा सुरेख आहे. परंतु ती कंपनीच आपल्याविषयी सांगत आली आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे. किंमत लावली गेली, हे सत्य. मेजाचा पाय ही आख्यायिका समजून वाचावी.

१७/ त्याच वेळी घडलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची: हॉटेलांच्या जाहिराती पुस्तकातून हटविल्या गेल्या. ज्याची जाहिरात छापायची, त्याचीच पारख करायची, हे दोन्ही एकाच पानावर नांदत नाही. जाहिरातीचे उत्पन्न सोडून वाचकाकडून किंमत घेणे, म्हणजे आपण कुणाशी बांधील आहोत हे ठरविणे होय. पुढे या पुस्तकाला जो दबदबा लाभला, त्याची पायाभरणी येथे झाली.

१८/ मग १९२६ साली उत्तम भोजनगृहांसाठी तारा आला. १९३१ मध्ये त्याच्या तीन पायऱ्या झाल्या आणि १९३६ मध्ये त्यांचे अर्थ प्रसिद्ध करण्यात आले. ते अर्थ पाहण्यासारखे आहेत. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातील चांगले जेवण. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन म्हणजे केवळ त्यासाठी प्रवासाला निघावे असे. चव मोजण्याचे हे माप चक्क रस्त्याचे आहे! जेवणाचे कौतुकही शेवटी चाक किती फिरेल यावर येऊन ठेपले.

१९/ सोपी माहिती किती सामर्थ्यवान असते, हे युद्धाने दाखविले. १९४४ मध्ये फ्रान्सच्या भूमीवर उतरणाऱ्या मित्रसैन्यासाठी १९३९ ची आवृत्ती वॉशिंग्टनमध्ये पुन्हा छापण्यात आली. कारण तिच्यात शहरांचे तपशीलवार नकाशे होते. सहलीसाठी केलेले पुस्तक लष्करी अधिकाऱ्यांच्या झोळीत गेले. चांगली रचना कुणाच्या हाती पडेल, यावर रचनाकाराचे नियंत्रण राहत नाही. हाही एक धडाच आहे.

२०/ आपल्याकडे वळून पाहू. मुंबईत १९१९ मध्ये वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही मोटारचालकांची संस्था स्थापन झाली. आणि रस्त्यांच्या क्रमांकांचे म्हणाल, तर २०१० मध्ये देशातील राष्ट्रीय महामार्गांना नवे क्रमांक मिळाले. मुंबई-पुणे मार्गावरचा जुना ४ आता ४८ झाला. पनवेलहून कोकण, गोव्याकडे उतरणारा १७ आता ६६. अनेकांनी तेव्हा कपाळाला आठ्या घातल्या. पण त्यामागे एक सूत्र आहे.

२१/ उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य महामार्गांना सम क्रमांक, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जातात. पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम क्रमांक, आणि ते उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढतात. म्हणून किनाऱ्यालगतचा ६६ सम आणि मोठा. धुळे, जळगाव, अकोला, नागपूर ओलांडणारा ५३ विषम. पूर्वीचा १७ हा फक्त पाठ करायचा आकडा होता. ६६ हा दिशा सांगणारा आकडा आहे. मात्र हे सूत्र आपल्यापैकी कितीजणांना कुणी सांगितले होते? दप्तरातील क्रमांक आणि चौरस्त्यावरील माणूस यांतले अंतर अजूनही पुरते मिटलेले नाही.

२२/ १९०८ च्या मार्ग-कचेरीचे काम १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या ‘मिनिटेल’ या दूरध्वनीजोड पडद्यावर आले आणि २००१ मध्ये संकेतस्थळावर. साधन दोनदा बदलले. प्रश्न तोच राहिला: मला इथून तिथे जायचे आहे, कसे जाऊ?

२३/ तेव्हा तुमच्यापैकी कुणी मोटारप्रेमींसाठी संकेतस्थळ रचणार असेल, तर रंग आणि अक्षरे निवडण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात. वाचक कोणत्या अडचणीत पान उघडतो? त्याला ठाऊक असलेल्या शब्दाने त्याला उत्तर सापडते का? चूक दिसली तर ती सांगायला जागा आहे का? आणि पैसे कुणाकडून येतात, हे त्याला कळते का? शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. मिशेलिन बंधूंनाही त्याचे उत्तर द्यायला वीस वर्षे लागली.

२४/ पुढच्या वेळी घाटातल्या एखाद्या मैलाच्या दगडाजवळून जाल, तेव्हा क्षणभर गाडीचा वेग कमी करा. त्यावरील आकडा तेथे यावा, तुम्हांला दिसावा, आणि तुमच्या हातातील नकाशाशी जुळावा, यासाठी कुणीतरी कधीतरी भांडले आहे. सोपे दिसते ते सोपे जन्मलेले नसते. धागा समाप्त. यात काही उणे राहिले असेल तर अवश्य कळवा. ती प्रथा किती जुनी आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहेच.